बिनचुणीची सीट

गोंदियात ताराचंद पटले कुठं राहतो म्हणून विचारलंत तर लोक नुसती मान हलवतील. 'तारा कुशन' म्हणा, मग बालाघाट रोडवरचा कुठलाही ऑटोवाला हात करून दाखवेल. निळ्या पत्र्याचं दुकान, बाहेर मोटरसायकलच्या सीटा उलट्या टांगलेल्या, आत रेक्झिनचे गठ्ठे आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास. या दुकानात हा माणूस एकेचाळीस वर्षं बसला आहे. बसला आहे म्हणजे उभा आहे म्हणा, कारण दुकानात त्याच्या स्वतःसाठी तेलाचा एक रिकामा डबा आहे आणि त्या डब्यावर साधा बारदानाही कधी पडला नाही. त्याची बायको गंगा दुपारी डबा घेऊन येते तेव्हा म्हणते, "लोकायच्या बुडाची काळजी केली जल्मभर. आपल्या बुडाची नाई केली या मानसानं."

देवरीकडच्या एका खेड्यातून हा पोवाराचा मुलगा शेती सोडून गोंदियाला आला आणि शालीकराम उस्तादाच्या हाताखाली लागला. ट्रकच्या सीटा, ट्रॅव्हल्सच्या सीटा, जीपचे हूड, एकदा तर अख्ख्या टॉकीजच्या खुर्च्या. शिकला, उस्ताद गेल्यावर दुकान याच्याकडे आलं. या सगळ्यात ताराचंदला एक वेड लागलं ते चुणीचं. रेक्झिन ताणताना कुठं जराशी सुरकुती राहिली, की ती चुणी. गिऱ्हाइकाला ती दिसायचीही नाही. ताराचंद सीट पूर्ण झाली की डोळे मिटायचा आणि दोन्ही तळवे या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायचा. हाताला काही लागलं की पैसे मोजायला उभं असलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचा आणि शिवण उसवायला घ्यायचा. अशानं धंदा कसा चालणार, हे त्याला साऱ्या बाजारानं सांगून पाहिलं होतं.

उस्तादाकडून त्यानं आणखी एक गोष्ट घेतली होती. जुन्या सीटचं काही ठेवायचं नाही. मापाचा नवा फर्मा कापून झाला की जुनं कव्हर, जुना काथ्या, जुना बारदाना, सगळं दुकानामागं नेऊन चिमूटभर मीठ टाकून त्याच दिवशी जाळायचं. शालीकरामनं म्हणे तरुणपणी एका उलटलेल्या ट्रकचा काथ्या वरातीच्या जीपमध्ये भरला होता आणि ती जीप नाल्यात गेली. खरं-खोटं शालीकराम जाणे. पण माणसाचा घाम, दुखणं, अपघात सगळं त्या काथ्यात मुरतं आणि ते दुसऱ्याच्या बुडाखाली जाता कामा नये, यावर त्याची श्रद्धा होती. ताराचंदनं कारण कधी विचारलं नाही. नियम मात्र एकदाही मोडला नाही.

आता काम उरलं नव्हतं. गाड्या कारखान्यातूनच अशा सीटा घेऊन येतात की त्यांना सुई लावायची गरज नाही, आणि ज्यांना कव्हर हवं ते मोबाईलवर मागवतात. उशीला खोळ घालावी तसं ते चढवलं की झालं. चुण्याच चुण्या. ताराचंदकडे यायच्या त्या ई-रिक्षाच्या फाटलेल्या सीटा आणि पोरांच्या मोटरसायकली. मुलगा गजेंद्र नागपुरात मोबाईलच्या दुकानात लागला होता. त्यानं बापाचं दुकान घ्यावं असं ताराचंद एकदाच म्हणाला. पोरगा काही बोलला नाही, आणि ते न बोलणं ताराचंदला पुरलं. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाला कळतं की आपल्या हातात जे आहे ते आपल्याबरोबरच जाणार. त्याचं दुःख त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण ते होतं, रोज सकाळी शटर वर करताना होतं.

गेल्या वर्षी दिवाळी उलटून धान कापणीला आलं होतं, तेव्हा एका ट्रॉलीवर लादून ती अँबेसेडर दुकानासमोर आली. त्रेसष्ट सालची, गोल पाठीची, पुढं सलग एकच लांब सीट असलेली. गाडीबरोबर पन्नाशीला आलेला एक माणूस होता. अर्जुनीत त्याचं कृषी केंद्र होतं.

"तारा कुशन तुमीच का?"

"हाव."

"जुन्या गाडीचं काम करता?"

"जुन्याचंच करतो. नव्या गाडीले माह्यासारखा मानूस लागत नाई."

त्याचं नाव हेमेंद्र कापगते. नवेगाव बांधच्या पलीकडच्या एका टोल्यावरचं, म्हणजे छोट्या वस्तीवरचं, कोहळी घराणं. यांच्या पणजोबांनी तिथले तलाव बांधले होते. गाडी त्याच्या वडिलांची, केशोरावांची. पंचाहत्तर साली त्यांनी ती रायपूरच्या कुणाकडून घेतली आणि चाळीस वर्षं स्वतः चालवली. तलावाच्या पाळीवरून उजवा कोपर खिडकीबाहेर काढून, पाण्याकडे बघत. शेजारी त्यांची बायको शामकला. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली, आणि सात वर्षांपूर्वी काचबिंदूनं केशोरावांचे दोन्ही डोळे नेले. गाडी शेडमध्ये उभी राहिली. पण म्हातारा रोज चार वाजता भिंत धरत शेडमध्ये जायचा, दार उघडून आपल्या जागी बसायचा आणि सहाला उठायचा.

"मंग आता कायले आनली?" ताराचंदनं विचारलं.

"सीटखालून मन्यार साप निघाला गेल्या महिन्यात. उंदरांनी आतून पोखरली आहे. बाबांना दिसत नाही, कधी काय होईल."  मग जे सांगायला नको वाटत होतं ते हेमेंद्रनं सांगून टाकलं. "दोन वर्षांआधी मी आमराई विकली, ताराचंदभाऊ. आठ झाडं. त्यांना न सांगता. वाटलं, दिसत तर नाही. पण वारा बदलला म्हणून त्यांनी ओळखलं. तेव्हापासून माझ्या कोणत्याच शब्दावर भरोसा नाही. गाडी हलवू देत नव्हते. तू विकून टाकशील म्हणाले. मी आईची शपथ घेतली, जशी नेली तशी परत आणतो म्हटलं. आता ते बसतील आणि बसल्याबरोबर त्यांना समजलं पाहिजे की हीच ती गाडी. नाहीतर या जन्मात ते मला पुन्हा पोरगा म्हणणार नाहीत."

ताराचंदनं हे सगळं ऐकलं, नाही असं नाही. पण त्याच्या मनात घर केलं ते एकाच गोष्टीनं. हे गिऱ्हाईक हातानं बघणार होतं. एकेचाळीस वर्षं ज्या लोकांनी रंग बघून, चकाकी बघून माल नेला, त्यांच्यानंतर शेवटी एक माणूस असा आला होता ज्याला चकाकीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या तळव्याला कुठंही काही लागता कामा नये. डोळस माणसाच्या नजरेला चुकलेली चुणी या माणसाच्या हातातून सुटणार नाही. ताराचंदच्या अंगात पंचवीस वर्षांचा पोरगा संचारला.

"बसल्या बसल्या वळखतील," तो म्हणाला. "तसंच काम करून देतो."

इंजिन चुन्नीलाल मेकॅनिककडे गेलं आणि आतलं सगळं ताराचंदकडे. त्यानं पुढची सीट बाहेर काढून दोन लाकडी घोड्यांवर ठेवली आणि दिवसभर नुसता तिच्याभोवती फिरत राहिला. चालवणाऱ्याच्या जागी उजवीकडे कलंडलेला एक खड्डा पडला होता. भाताचं पातेलं ठेवलं तरी हललं नसतं एवढा. आत तीन स्प्रिंगा तुटलेल्या, काथ्याचा भुसा झालेला. सीट शिवणाऱ्याच्या नजरेला खड्डा म्हणजे आजार, आणि तोही चाळीस वर्षं अंगावर काढलेला. ताराचंद त्याच्याकडे डॉक्टर बघतो तसा बघत होता.

सीटच्या मध्यावर वीतभर फाटलेलं होतं आणि ते मासे धरायच्या जाळ्याच्या दोऱ्यानं, बहुतेक पोतं शिवायच्या दाभणानं, कसंबसं शिवलेलं होतं. एक टाका बोटभर, एक नखाएवढा, गाठी वर आलेल्या. ताराचंदला हसू आलं. त्यानं डबा घेऊन आलेल्या गंगेला दाखवलं.

"पाय वो. जाळं विनल्यावानी शिवलं."

गंगेनं गाठींवरून बोट फिरवलं. "बाईमानसाच्या हातचं आहे," ती म्हणाली.

"असन," तो म्हणाला, आणि उसवायला बसला.

महिना-दीड महिना त्यानं दुसरं काम घेतलं नाही. जुनं कव्हर शिवणीशिवणीनं सोडवून, पाण्यानं पुसून, विटांखाली दाबून सपाट केलं आणि त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा काढला. खड्ड्यामुळं उजवीकडचा तुकडा इंचभर ताणला गेला होता. तो इंच त्यानं फर्म्यात दुरुस्त केला. नागपूरला इतवारीत जाऊन गाडीच्या मूळ रंगाचं लालसर तपकिरी रेक्झिन तीन दुकानं पालथी घालून आणलं. आंधळ्या माणसासाठी. हे गंगेनं म्हणून दाखवलं तेव्हा तो रागावला. "रंग त्याच्यासाठी नाई," तो म्हणाला, "गाडीसाठी."

फर्मा कापून झाला त्याच संध्याकाळी जुनं सगळं दुकानामागं गेलं. मीठ टाकलं, काडी लावली. रेक्झिन जळतं तेव्हा काळा, घशाला झोंबणारा धूर होतो. शेजारचा झेरॉक्सवाला नेहमीसारखा दोन शब्द बोलला. राख होईपर्यंत ताराचंद काठीनं ढवळत उभा राहिला.

मग स्प्रिंगा नव्या बांधल्या, नवा बारदाना ताणला, नवा काथ्या हातानं पिंजून पिंजून भरला. छताचा कपडा बदलला, दरवाज्यांचे आतले पाट शिवले, तडे गेलेल्या स्टिअरिंगला रेक्झिनची घट्ट पट्टी गुंडाळली, टोचू नये म्हणून. शेवटच्या दिवशी त्यानं डोळे मिटून सीटवर दोन्ही तळवे फिरवले. परत फिरवले. काहीही लागलं नाही. एवढं निर्दोष काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं. घरी जाताना त्यानं गंगेसाठी समोसे नेले.

फेब्रुवारीत गाडी परत गेली. चुन्नीलाल चालवत होता, शेजारी हेमेंद्र, मागं ताराचंद. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण म्हातारा हात फिरवेल तेव्हा आपण तिथं असावं एवढी हाव त्यानं धरली. आयुष्यात फार गोष्टींची धरली नव्हती.

टोल्यावर पोचले तेव्हा केशोराव फाटकात उभे होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा, काठीसारखा ताठ म्हातारा, धोतर आणि पांढरा सदरा. आजूबाजूची आठ-दहा माणसं जमली होती. इंजिन बंद झालं तसं केशोरावांनी कान टवकारले.

"आवाज बदलला."

"इंजिन खोललं पाटील," चुन्नीलाल म्हणाला. "सायलेन्सर नवीन टाकला."

"असन. बसल्यावर समजते."

ताराचंदनं स्वतः पुढं होऊन दार उघडलं. म्हातारा जसा चाळीस वर्षं बसत आला होता तसा बसला, म्हणजे त्यानं अंग सैल सोडून उजवीकडे झोकून दिलं, आपल्या जागेच्या भरवशावर. ती जागा तिथं नव्हती. नव्या सीटनं त्याला वर लोटलं, तोल गेला आणि डोकं छताला लागलं. सगळे जागच्या जागी थांबले. केशोरावांनी स्टिअरिंग धरलं आणि पट्टी लागताच सोडलं. मग त्यांचा डावा हात शेजारच्या जागेवर गेला. सीटच्या मध्यावर, पुढं, मागं, परत मध्यावर. हळूहळू. ताराचंद त्या हाताकडे बघत होता. सुरुवातीला त्याला वाटलं, हात चुणी शोधतो आहे, आणि सापडणार नाही म्हणून तो मनात फुलत होता. हात थांबेना. मग काय शोधतो आहे ते त्याच्या ध्यानात आलं.

"हेमेंद्र, कोनाची गाडी आहे ही?"

"आपलीच, बाबा."

"माही कुठं आहे?"

"हीच आहे बाबा. सीट नवी केली, म्हणून तुम्हाला तसं—"

"तुह्या आईनं शिवलं होतं इथं. दर सांजच्याले माहा हात असते त्याच्यावर. कुठं आहे ते?"

कुणीतरी पुढं होऊन नंबर वाचून दाखवला. "नंबर रंगवता येते," केशोराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

हेमेंद्र घाईनं ताराचंदकडे वळला. "ताराचंदभाऊ, जुनं कव्हर आहे ना दुकानात? तेवढं आणून त्यांच्या हातात देऊ. आत्ताच जाऊ आपण."

"जाळलं," ताराचंद म्हणाला.

खेड्यात रेक्झिन कुणी जाळत नाही. फाटक्यात फाटका तुकडा सायकलच्या सीटवर बांधतात, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकतात, छपराच्या गळक्या कवेलूखाली सारतात. जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ताराचंदनं उस्तादाचा नियम सांगितला, मिठाचं सांगितलं, नाल्यात गेलेल्या जीपचं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याच्याच कानाला ती आत्ता रचलेली गोष्ट वाटायला लागली. हेमेंद्रसुद्धा क्षणभर त्याच्याकडे अशा नजरेनं बघत राहिला की जणू या माणसानंच मधल्या मधे काही केलं असावं.

"जाळलं म्हनते," केशोराव एवढंच बोलले. पायरी चाचपून खाली उतरले, आणि कुणी दिलेला हात न घेता भिंत धरून घरात गेले.

त्यानंतरचं ताराचंदला हेमेंद्रच्या फोनवरून कळत गेलं. म्हातारा पोराशी बोलेना. सुनेनं वाढलेलं खायचा, पण हेमेंद्र समोर आला की ताट सारायचा. चार वाजले की अंगणात खाटेवर शेडकडे पाठ करून बसायचा. वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला, मासे विकणाऱ्या बाईला, पोस्टमनला, एकच सांगायचा. पोरानं माझी गाडी विकली, मी आंधळा आहे म्हणून दुसऱ्याची आणून उभी केली. हेमेंद्र फोनवर ताराचंदला एकदाही वाईट बोलला नाही. "काम तुम्ही चांगलंच केलं," म्हणायचा. त्या वाक्यानं ताराचंदच्या काळजाचं पाणी व्हायचं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं खाली मान घालून ऐकल्या असत्या.

त्यानं उपाय करून पाहिला. जुनी सीट परत तशी करून द्यायची. दुकानात पडलेल्या स्प्रिंगांच्या एका बाकावर त्यानं आधी हात बसवायचं ठरवलं. स्प्रिंगा ढिल्या केल्या, काथ्या काढला, खड्डा पाडला. खड्डा झाला तो घासलेल्या कढईसारखा गुळगुळीत, चारी बाजूंनी सारखा. मोडला, परत केला. परत तसाच. गंगा डबा घेऊन यायची तेव्हा तो त्या बाकावर उजवीकडे कलंडून बसलेला असायचा. जन्मात पहिल्यांदा दुकानात सीटवर बसलेला.

"का जी, बसून बसून खड्डा पाडान का?" ती म्हणाली. "त्याले चाळीस वर्स लागले. तुमच्यापाशी आहेत का तेवढे?"

नवेगावच्या कोळ्याकडून मागवलेला जाळ्याचा दोरा घेऊन त्यानं रेक्झिनच्या तुकड्यावर ते शिवणही करायला घेतलं. टाके सारखे पडायचे. मुद्दाम वाकडे घातले तर वाकडेपणाही एका मापाचा यायचा. दाभण गंगेच्या हातात देऊन पाहिलं, तर ते गंगेचं शिवण झालं, शामकलाबाईंचं नाही. चांगलं करणं एवढंच त्या हाताला येत होतं, आणि या वेळी चांगलं नको होतं. पुढं त्यानं ई-रिक्षाची कामंही परत पाठवायला सुरुवात केली. सुई हातात घेतली की सीटच्या मध्यावर फिरणारा तो म्हाताऱ्याचा हात दिसायचा. दुकान उघडं असायचं आणि आत तो तेलाच्या डब्यावर बसलेला असायचा, एवढंच.

एप्रिलच्या शेवटी हेमेंद्रचा फोन आला की बाबांनी खाणं फार कमी केलं आहे. ताराचंद दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून निघाला. कोहमाऱ्याला गाडी बदलली, नवेगावला उतरून टोल्यापर्यंत उन्हात चालत गेला. हेमेंद्र अर्जुनीला दुकानात होता. म्हातारा खाटेवर एकटा बसला होता. दोन महिन्यांत निम्मा झाला होता.

"कोन?"

"मी मिस्त्री, पाटील. गोंदियाचा. तुमची सीट मी केली."

"हेमेंद्रनं पाठवलं?"

"नाई. त्याले मालूमबी नाई मी आलो म्हनून. मी सांगाले आलो. गाडी तुमचीच आहे. पोरानं विकली नाई. माही चूक आहे सारी. खड्डा मी भरला. बाईचं शिवन मी उसवलं, मी जाळलं. तुमचा हात लागन म्हनून मी चुणी ठेवली नाई कुठं. तुमाले काय पायजे होतं ते मले समजलंच नाई." एवढं एका दमात बोलून त्याचा आवाज फुटला. चारचौघांत कधी न रडलेला हा माणूस परक्या अंगणात उभ्यानं रडायला लागला.

 केशोरावांनी हात पुढं केला. "हात दाखव गा तुहा."

ताराचंदनं हात दिला. म्हाताऱ्यानं तो उलटासुलटा केला, अंगठ्यावरचा दाभणाचा घट्टा दाबून पाहिला, बोटांच्या पेरांवरचे जुने वार एकेक करून चाचपले.

"शिवनाराच आहेस," ते म्हणाले. "हात खोटा नाई तुहा. चाल, गाडीपाशी ने मले."

 ताराचंदनं म्हाताऱ्याला कोपराला धरून शेडमध्ये नेलं, गाडीवरची ताडपत्री ओढली, दार उघडलं. केशोराव बसले नाहीत. उभ्यानंच वाकून त्यांनी दोन्ही तळवे सीटवर ठेवले आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवले. शिवणीवरून नख नेलं. सीटची खालची बाजू, जिथं कुणी कधी हात घालत नाही, तिथंही हात घातला. मग दरवाज्याचा पाट, मग छत. त्याला बराच वेळ लागला. ताराचंद दार धरून उभा होता.

"एकबी चुणी नाई," म्हातारा म्हणाला. "खालूनबी नाई. असं काम मी जल्मात पाह्यलं नाई गा, मिस्त्री. ज्याची गाडी आहे तो मोठा नशीबवान."

ताराचंदनं खाली पडलेली ताडपत्री उचलली.

"त्याले सांगजो, घेऊन जाय म्हना. दुसऱ्याची एवढी चांगली वस्तू माह्या घरी कायले? उंदरं लागतीन." केशोरावांनी दार हलकेच लावलं आणि आवाज खाली केला. "तुले हेमेंद्रची दया आली, म्हनून तू सारं आपल्या अंगावर घेऊन राहिला. समजते मले. चांगला मानूस आहेस तू. मी त्याच्यावर रागावनार नाई आता. पन माही कुठं विकली ते तुले मालूम असन तं सांग. परत नाई मागत मी. एक डाव जाऊन बसतो फक्त."

शेडच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं. ताराचंदचं खरं काय ते एकदा सांगून झालं होतं. त्याच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं.

"मालूम नाई, पाटील," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग सुनेला हाक मारून, मिस्त्री उन्हातून आला आहे, त्याला जेवू घाल, म्हणून सांगितलं.